पन्नाशीनंतर मुख्याध्यापक झालात, तर टेक्नॉलॉजीतलं नेमकं काय शिकायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सर कळवण तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत जूनपासून मुख्याध्यापक झालेत, वय पन्नाशीच्या पुढे, आयुष्यभर गणित शिकवलं, एमएससीआयटी झालेलं आहे पण त्यालाही आता जमाना झाला. ऑनलाइन कामं सगळी लिपिक आणि एक तरुण शिक्षक बघतात. सरांना विचारायचंय की स्वतः काय काय यायला पाहिजे, कुठला कोर्स करावा, आणि या वयात स्टाफसमोर शिकायला बसलं तर बरं दिसेल का.

सर, शेवटचं आधी घेते कारण बहुतेकांचं तिथेच अडतं. बरं दिसेल, आणि नुसतं बरं नाही, स्टाफला त्याने धीर येतो. मी नाशिकला बरीच वर्षं शाळा सांभाळली, आता मुख्याध्यापकांची प्रशिक्षणं घेते, आणि सगळीकडे एकच दिसतं, ज्या शाळेत मुख्याध्यापक लिपिकाच्या शेजारी खुर्ची ओढून "हे परत एकदा दाखवा, यावेळी माउस माझ्या हातात द्या" म्हणतात, त्या शाळेत वयाने मोठे शिक्षकही सहा महिन्यांत विचारायला लागतात. जिथे साहेब केबिनमधून "झालं का अपलोड?" एवढंच विचारतात तिथे कोणी शिकत नाही, सगळे त्या एका तरुण शिक्षकाच्या मागे लागतात. तेव्हा लाज वगैरे सोडून द्या. तुम्ही तीस वर्षं पोरांना सांगत आलात की येत नसेल तर विचारा.

आता मुख्य मुद्दा. काय शिकायचं याची यादी काढायला बसलात तर ती संपणार नाही, दरवर्षी नवीन पोर्टल येतं नवीन ॲप येतं. म्हणून मी सगळ्यांना एकच कसोटी सांगते: तुमच्या लॉगिनने शाळेतून जी माहिती वर जाते ती आधी तुम्हाला स्वतःला वाचता आली पाहिजे, तिच्यात काय चुकलंय ते कळलं पाहिजे, आणि तीच माहिती खाली वर्गातही कामाला आली पाहिजे. युडायस प्लस म्हणजे केंद्राची शाळांच्या माहितीची नोंद, सरल म्हणजे राज्याचं विद्यार्थ्यांच्या माहितीचं पोर्टल, शालार्थ म्हणजे पगाराचं, पोषण आहाराची रोजची नोंद, पॅट म्हणजे नियतकालिक मूल्यांकन चाचणीचे गुण, हे सगळं आपण भरतो आणि "पाठवलं एकदाचं" म्हणून सुटतो. इतक्या कष्टाने गोळा केलेली माहिती शाळेतलं कोणीच परत उघडून बघत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

पहिलं काम लॉगिनचं, आणि हे या आठवड्यातच करा. शाळेचा ईमेल कोणाच्या मोबाइलवर आहे ते बघा. पुष्कळ शाळांमध्ये तो मागच्या मुख्याध्यापकांच्या नाहीतर बदली होऊन गेलेल्या शिक्षकाच्या नंबरला जोडलेला असतो, ओटीपी जातो येवल्याला आणि फॉर्मची शेवटची तारीख असते आज. शाळेच्या नावाने एक सिम घ्या, सगळी पोर्टलं आणि ईमेल त्या नंबरवर आणा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, आणि कुठल्या पोर्टलचं लॉगिन काय, नंबर कुठला, पासवर्ड कधी बदलला याची एक वही करून कपाटात कुलूप लावून ठेवा. चार्ज देण्याघेण्याच्या यादीत आपण डेडस्टॉक लिहितो, कपाटाच्या किल्ल्या लिहितो, मग त्यात ही वही आणि डिजिटल सहीचं टोकनही लिहा. आणि पासवर्ड लिपिकाकडे आहे म्हणजे जबाबदारीही त्याच्याकडे गेली असं अजिबात नाही. लॉगिन म्हणजे तुमची सही. नागपूरचं बोगस शालार्थ आयडी काढून पगार उचलल्याचं प्रकरण २०२५ मध्ये आपण सगळ्यांनी वाचलंय. लिपिक प्रामाणिकच असतो बहुतेकदा, पण सबमिट दाबायच्या आधी स्क्रीन तुम्ही वाचलेली असली पाहिजे.

दुसरं एक्सेल, किंवा गूगल शीट, दोन्हीचं तंत्र सारखंच. तुम्ही गणिताचे म्हणजे तुम्हाला हे सोपं जाईल, भीती फक्त स्क्रीनची आहे. पण मला इथे फॉर्म्युल्यांपेक्षा आधी दोन-तीन जागा दाखवायच्यात जिथे शाळेची माहिती गुपचूप बिघडते, कारण त्या मुख्याध्यापकाला माहीत असल्याच पाहिजेत.

सरलचा विद्यार्थी आयडी १९ अंकी असतो, सुरुवातीला वर्ष, मग शाळेचा ११ अंकी युडायस कोड, आणि शेवटचे ४ अंक त्या मुलाचे. एक्सेल कुठल्याही संख्येचे १५ च अंक धरून ठेवतं, पुढच्या अंकांच्या जागी शून्य टाकतं. म्हणजे कोणी साध्या रकान्यात ते आयडी टाइप केले की नेमके शेवटचे ४ अंक शून्य होतात, आणि त्या वर्षी दाखल झालेल्या सगळ्या मुलांचा आयडी एकच दिसायला लागतो! एकदा सेव्ह झालं की ते अंक गेले, परत येत नाहीत. उपाय अगदी साधा आहे, आयडी टाकायच्या आधी तो रकाना सिलेक्ट करून फॉरमॅट टेक्स्ट करायचा. आधार नंबरचंही असंच, १२ अंकी नंबर साध्या रकान्यात मधेच ई आणि अधिकचं चिन्ह घेऊन विचित्र दिसतो, तिथे अंक जात नाहीत पण घाबरून कोणीतरी पुन्हा टाइप करतं आणि तिथे चूक होते. तिसरी जागा जन्मतारखेची. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन पद्धतीची असली तर ०५/०८ ही ५ ऑगस्टची तारीख तो ८ मे धरतो, आणि २५/०८ ला मात्र तारीखच मानत नाही कारण पंचविसावा महिना नसतो. मग यादी तारखेने लावली की अर्धी मुलं वर आणि अर्धी खाली, आणि कोणाला कळत नाही का. सेटिंगमध्ये रीजन भारत करून घ्या, शाळेतल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर.

हे बारीक वाटेल, पण याचा थेट संबंध तुमच्या शिक्षकांच्या पदांशी आहे. संच मान्यतेला, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं मंजूर होतात त्याला, ३० सप्टेंबरचा पट धरतात आणि हल्ली आधार पडताळणी झालेल्या मुलांवरच भर असतो. जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या दाखल नोंदवहीत, नाव एक, आधारवर स्पेलिंग वेगळं, जन्मतारखेत दिवस महिना उलटा, की ते मूल पडताळणीत अडकतं. वर्गात रोज हजर असलेलं मूल कागदावर मोजलं जात नाही आणि त्यापायी एखादं पद धोक्यात येतं. शिवाय मुलांच्या वयाच्या ५ व्या आणि १५ व्या वर्षी आधारचं बायोमेट्रिक अपडेट करावं लागतं, म्हणजे तुमच्या नववी-दहावीच्या पोरांचं ते नेमकं याच काळात येतं. याची यादी वर्गशिक्षकांकडून जुलैमध्येच काढून घ्या, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आधार केंद्रावर रांगा लावून होत नाही.

आता माहिती कामाला लावायची म्हणजे काय ते दाखवते. एक शीट उघडा, डावीकडे आठवीच्या मुलांची नावं, वरती तारखा, हजर असेल तर ह, गैरहजर असेल तर ग. शेवटच्या रकान्यात काउंटइफ हा मोजणीचा फॉर्म्युला लावून महिन्याचे ग मोजा. मग कंडिशनल फॉरमॅटिंगने सहाच्या वर ग असतील ते नाव लाल होईल असं करा. एवढंच. पहिल्यांदा वर्गशिक्षकाला बरोबर घेऊन बसलात तर तासाभरात होतं. आता आपल्या जिल्ह्यात काय होतं ते तुम्ही जाणताच, सुरगाणा, पेठ, तुमच्या कळवणचा पश्चिम पट्टा, इथली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे जातात आणि मुलं बरोबर जातात. हजेरीपटावर ते रोजचे ग म्हणून विखुरलेलं असतं म्हणून दिसत नाही. शीटवर मात्र एकाच वाडीची चार-पाच नावं एकाच आठवड्यात लाल झालेली दिसतात, आणि मागच्या वर्षीची शीट शेजारी ठेवली तर तीच वाडी तोच काळ. मग पुढच्या वर्षी तुम्ही दिवाळीच्या सुट्टीआधीच पालकांना भेटाल, कोण आजी-आजोबांकडे राहू शकतं ते विचाराल, जे जाणारच आहेत त्यांना दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड देऊन तिकडच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन कराल. यात टेक्नॉलॉजी किती? दोन फॉर्म्युले. पण ते लावायचं डोकं मुख्याध्यापकाचं पाहिजे, ते लिपिकाचं काम नाही आणि तंत्रस्नेही शिक्षकाचंही नाही.

पॅटच्या गुणांचंही असंच करा. आपण गुण विद्या समीक्षा केंद्राकडे, म्हणजे राज्याच्या शैक्षणिक माहितीच्या केंद्राकडे भरतो, पण उत्तरपत्रिका तुमच्याच कपाटात असतात. सरासरीने काय लपतं ते तुम्हाला मी सांगायला नको. वर्गाची सरासरी ठीक दिसते आणि अपूर्णांकाचा एकच प्रश्न निम्म्या वर्गाने सोडलेला असतो. प्रश्नवार शीट काढा आणि विषय शिक्षकाबरोबर बसा, पण कोणाचा निकाल कमी म्हणून खडसावायला ती शीट वापरू नका, एकदा तसं झालं की पुढच्या वेळी तुम्हाला खरे आकडे मिळणार नाहीत.

तंत्रस्नेही शिक्षकाबद्दल, म्हणजे कॉम्प्युटरची कामं येणाऱ्या त्या तरुण शिक्षकाबद्दल, जरा जास्त बोलते कारण हा विषय माझ्या फार जवळचा आहे. प्रत्येक शाळेत एक असतो, पंचवीस-तिशीतला, हुशार, नाही म्हणता येत नाही असा. शिष्यवृत्तीचे फॉर्म त्याच्याकडे, युडायस त्याच्याकडे, प्रोजेक्टर बंद पडला तो बोलवा, वरून व्हीसी म्हणजे व्हिडिओ मीटिंग आली की लिंक तोच जोडणार, आणि त्याचा सातवीचा तास रिकामा. वर्षभराने त्याचाच वर्ग मागे पडतो आणि मग त्यालाच बोलणी बसतात. सर, त्याचे तास वाचवणं हे तुमचं काम आहे. तासाच्या वेळात त्याला कोणी ऑफिसात बोलवायचं नाही असा नियम करा आणि तो स्वतः पाळा. कामं वाटून द्या, शिष्यवृत्ती एकीकडे, पोषण आहार दुसरीकडे, युडायस वर्गशिक्षकांमध्ये आपापल्या वर्गापुरतं, आणि प्रत्येक कामाला दोन माणसं तयार ठेवा म्हणजे एक रजेवर गेला तर अडत नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर अर्धा-पाऊण तास सगळ्यांनी बसायचं, एका वेळी एकच गोष्ट, ती प्रत्येकाने स्वतःच्या हाताने करून मगच घरी जायचं. शिकवणारा दर वेळी वेगळा. एखाद्या शनिवारी तुम्हीच काउंटइफ शिकवा ना, गणिताचा माणूस आहात.

मराठी टायपिंगचं एक राहिलं. जुनी पत्रं कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर ती दुसऱ्या मशीनवर उघडली की अक्षरांचा नुसता गोंधळ दिसतो आणि त्यात काही शोधताही येत नाही. नवीन सगळं युनिकोडमध्येच करा, ते कुठल्याही मशीनवर सारखं दिसतं. टायपिंगचा कंटाळा असेल तर मोबाइलवर जीबोर्डला मराठी आवाज चालू करून पत्र बोलून लिहा, वर्गात बोलता तेवढं स्पष्ट बोललात तर छान उतरतं, नंतर एकदा वाचून दुरुस्त करायचं.

व्हॉट्सॲपचं सगळ्यांनाच जड झालंय. "तात्काळ", "आजच", रात्री दहाला. वरून येणारं तुम्ही थांबवू शकत नाही पण खाली किती सोडायचं ते तुमच्या हातात आहे. आलेला प्रत्येक मेसेज स्टाफ ग्रुपवर फॉरवर्ड करू नका, दिवसाचा एक मेसेज करा, कोणी काय कधीपर्यंत, आणि संध्याकाळी सातनंतर काही टाकू नका. पालकांच्या ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी सेटिंग ठेवा.

आणि मुलांची माहिती. आधार, जात, पालकांचे मोबाइल नंबर, बँक खातं असलेली अख्खी वर्गाची यादी ग्रुपवर टाकलेली मी पाहिलीये, घाईत होतं, पण थांबवायला पाहिजे. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आलाय आणि त्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलंय, त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची आहे. अपार या विद्यार्थ्यांच्या देशपातळीवरच्या आयडीला आपण पालकांचं संमतीपत्र घेतो तीच शिस्त फोटोंनाही लावा, विशेषतः मुलींचे नावासकट फोटो शाळेच्या फेसबुक पेजवर टाकताना. शिष्यवृत्ती आलीये म्हणून पालकांना ओटीपी मागणारे फोन येतात, पालक सभेत पाच मिनिटं त्यावर बोला आणि १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर फळ्यावर लिहून ठेवा.

खरेदीबद्दल थोडंच सांगते. माजी विद्यार्थी लोकसहभागातून मोठा इंटरॲक्टिव्ह पॅनल देतो म्हणाले तर आनंदाने हो म्हणा, पण त्याआधी अर्थिंग तपासा, यूपीएस आहे का बघा, वॉरंटी किती आणि बिघडला तर कळवणपर्यंत माणूस येणार का ते लेखी घ्या. आणि नेट नसताना त्यावर काय चालणार? दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचं साहित्य डाउनलोड करून ठेवता येतं, पेन ड्राइव्हवरून व्हिडिओ चालतात, तेवढी तयारी आधी करा. आपल्या डोंगरपट्ट्यात पावसाळ्यात लाइट आणि रेंज दोन्हीचा भरवसा नसतो. आणि कुठल्या वर्गात कुठल्या धड्याला तो लागणार हे दोन शिक्षकांनी सांगितल्याशिवाय वर्गणी गोळा करायला लागू नका.

आता कोर्सचं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकांसाठी वर्षाला ५० तासांचं सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासाचं म्हटलंय आणि मुख्याध्यापकांनाही तेवढंच सांगितलंय, त्यांच्यासाठी नेतृत्व आणि व्यवस्थापनाचे विषय धरून. दिल्लीच्या नीपा या शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनाच्या राष्ट्रीय संस्थेत २०१२ पासून शालेय नेतृत्वाचं राष्ट्रीय केंद्र आहे, त्यांचा ऑनलाइन कार्यक्रम घरबसल्या करता येतो. निष्ठा हे केंद्राचं शिक्षक प्रशिक्षण २०१९ ला सुरू झालं, पुढे ते दीक्षावर आलं, त्यात नेतृत्वाचं मॉड्यूल आहे. राज्यात छत्रपती संभाजीनगरला मिपा ही शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनाची राज्य संस्था आहे, आणि आपल्या घरातलंच म्हणजे गंगापूर धरणाकडे गोवर्धनला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, १९८९ पासूनचं, त्यांची शालेय व्यवस्थापन पदविका आपल्याकडच्या कितीतरी मुख्याध्यापकांनी केलीये. नोकरी सांभाळून होते आणि अभ्यासाची पुस्तकं मराठीत आहेत.

पण माझं स्पष्ट मत सांगू का, कोर्स दुसऱ्या वर्षी करा. पहिलं वर्ष शाळेतल्या कामातूनच शिका. व्हिडिओ बाजूला चालू ठेवून प्रमाणपत्र मिळतं, ते सेवापुस्तकाला ठीक आहे, पण शाळेतली अडचण हातात नसताना केलेलं प्रशिक्षण आठवडाभरात विसरतं. अडचणी घेऊन गेलात तर तोच कोर्स दुप्पट कामाचा ठरतो. परदेशात इस्टे नावाच्या शिक्षणातल्या तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या संस्थेने शाळाप्रमुखांसाठी २०१८ मध्ये पाच भूमिका ठरवून दिल्या होत्या, त्यातली एक मला फार पटते, स्वतः इतरांशी जोडलेला राहून शिकत राहणारा प्रमुख. म्हणून केंद्राच्या शिक्षण परिषदेत किंवा मुख्याध्यापक सभेत गेलात की जवळपासचे तीन-चार मुख्याध्यापक धरा, महिन्यातून एकदा एकमेकांच्या शाळेत जायचं ठरवा आणि तिथे जाऊन त्यांची एक शीट, एक रजिस्टर, एक वर्ग बघा. मुख्याध्यापकाची खुर्ची फार एकटी असते, स्टाफला सगळं विचारता येत नाही आणि संस्थेला तर नाहीच. कोणी विचारायला असणं हीसुद्धा गरज आहे, ती प्रशिक्षणाच्या फॉर्मवर कोणी लिहीत नाही.

एआयचं तुम्ही विचारलं नाहीत पण स्टाफ विचारेल. चॅटजीपीटी वगैरेवर पत्राचा मसुदा, सराव प्रश्न, वार्षिक अहवालाचा कच्चा खर्डा हे चांगलं निघतं, वापरायला हरकत नाही. मुलांची नावं, आधार, स्टाफच्या तक्रारी त्यात टाकायच्या नाहीत. जीआर विचारला तर तो तारीख क्रमांकासकट चुकीचाही सांगू शकतो, म्हणून जीआर नेहमी शासनाच्या साइटवरूनच काढून वाचा. शिक्षकांनी प्रश्नपत्रिका त्यातून काढली तर प्रत्येक प्रश्न आधी स्वतः सोडवून मगच छापायला द्यावी.

तर आत्ता क्रम असा ठेवा, या आठवड्यात सिम आणि लॉगिनची वही, जुलैमध्ये जनरल रजिस्टर आणि आधारचा मेळ, ऑगस्टमध्ये एकाच वर्गाची हजेरी शीट, सगळ्या वर्गांची नको, ती चालली की दिवाळीआधी बाकीचे वर्ग. लिपिकाला हे सगळं आधी विश्वासात घेऊन सांगा, नाहीतर त्याला वाटेल साहेबांचा भरवसा उडाला. त्याला म्हणा, तुमचं काम मला समजून घ्यायचंय, तुम्ही रजेवर असताना शाळा अडू नये म्हणून. शीट करताना कुठे अडलं तर मुलांची नावं आणि आयडी काढून मला पाठवा, बघून सांगते.